बातमीतला बाक आणि त्यावरची माणसं



बातमीत रोज वापरले जाणारे शब्द आपण एकेक करून तपासतो आहोत. आजचा शब्द आहे ‘बेंच’. विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी फोन करून विचारलं, “आता काय फर्निचरवर व्याख्यान?” आम्ही म्हटलं, हो, फर्निचरवरच. पण हे फर्निचर बोलायला लागतं, फटकारायला लागतं, ताशेरे ओढायला लागतं, तेव्हा काय होतं, त्यावर.

आधी एक छोटासा प्रसंग. आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवलं, तिथल्या कार्यालयात आयुष्यभर नोकरी केलेले एक गृहस्थ आहेत. निवृत्तिवेतनाच्या फरकासाठी त्यांनी आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती. एका सकाळी ते दारात उभे. एका हातात वर्तमानपत्राचं कात्रण, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. “सर, जिंकलो!” मथळा होता, खंडपीठाने शासनाला फटकारले. आम्ही पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “आदेश काय झाला?” ते म्हणाले, “खंडपीठानं फटकारलं ना, सर. आता आणखी काय व्हायचं?”

दोन दिवसांनी वकिलांकडून आदेशाची प्रत आली. त्यात होतं एवढंच की, शासनाने चार आठवड्यांत प्रतिज्ञापत्र दाखल करावे, आणि पुढची तारीख. फटकारणं त्या कागदावर कुठेही नव्हतं. सुनावणीत दोन न्यायमूर्तींपैकी एकांनी सरकारी वकिलांना खरमरीत प्रश्न विचारले होते, ते मात्र खरं. म्हणजे बातमी खोटी होती असं म्हणता येत नाही. बातमीदाराला विचारलं असतं तर त्यानं प्रत्येक शब्दाचं समर्थन केलं असतं. तरीही वाचणाऱ्यानं जे समजून घेतलं ते खोटं होतं. पेढे तर आपण खाऊन बसलो. आमची आजची तक्रार या फटीबद्दल आहे.

आता शब्दाचा पसारा पाहू. कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. पहिल्या पानावर खंडपीठ किंवा घटनापीठ. आत विधिमंडळाचं वृत्त असेल तर ‘सत्ताधारी बाकांवरून’ घोषणा आणि ‘बाके वाजवून’ स्वागत. क्रीडा पानावर ‘बेंच स्ट्रेंथ’. अर्थ पानावर ‘बेंचवरचे कर्मचारी’ आणि ‘बेंचमार्क निर्देशांक’. शहराच्या पानावर नगरसेवकांच्या निधीतून बसवलेले बाक. करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा ‘एका बाकावर एक विद्यार्थी’. एवढ्या सगळ्या ठिकाणी मुळात वस्तू एकच आहे, बसण्याची लांबट फळी.

हा शब्द युरोपात किती हिंडला आहे पाहा. आपली ‘बँक’ही याच घराण्यातली. इटलीतले सराफ ज्या बाकावर पैसे मांडून बसत, त्या बाकावरून बँक हा शब्द आला. ‘बेंचमार्क’ भूमापनातून आला. मोजणीदार दगडावर आडवी खाच पाडत, तिच्यात लोखंडी आधार बसवत आणि त्या आधारावर मोजपट्टी उभी करत. तो आधार म्हणजे बेंच. आज सेन्सेक्सला बेंचमार्क म्हणतात तेव्हा तो दगडही नाही आणि ती खाचही नाही, पण मोजायला सुरुवात कुठून करायची हा अर्थ टिकून आहे. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

मराठीत मात्र एक गंमत आहे. इंग्रजी बातमीदाराकडे या सगळ्यासाठी एकच शब्द आहे. त्याला निवड नाही. मराठी बातमीदाराकडे बाक आहे, बाकडं आहे, फळी आहे, आसन आहे, पीठ आहे, खंडपीठ आहे आणि शिवाय बेंचही आहे. शाळेतला ‘तो बाक’ पुल्लिंगी, तर विधानसभेत वाजवली जातात ती ‘बाके’ नपुंसकलिंगी, इतकी आपली श्रीमंती. पीठ या शब्दाची तऱ्हा आणखी वेगळी. विद्यापीठ, व्यासपीठ, शक्तिपीठ, सगळीकडे पीठ म्हणजे आसन. पण आमच्या नातीनं लहानपणी ‘घटनापीठ’ ऐकून विचारलं होतं, “आजोबा, हे कशाचं पीठ?” (हशा) हसण्यावारी नेऊ नका. प्रश्न बरोबर होता. कशाचं पीठ, कुणाचं पीठ, किती जणांचं पीठ, हेच तर बातमीला विचारायचं आहे. ज्याच्याकडे शब्द जास्त, त्याची जबाबदारीही जास्त.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. न्यायदर्शनाच्या परंपरेत एक जुनं उदाहरण आहे. शेतात पिकाची राखण करायला मचाण बांधतात. त्यावरून राखणदार पाखरं हाकलायला ओरडतो. लांबून ऐकणारा म्हणतो, मचाणं ओरडताहेत. लाकूड ओरडत नाही. ओरडतो तो त्यावर बसलेला माणूस. पण हे सगळ्यांना कळतं, म्हणून वाक्य चुकीचं ठरत नाही. याला लक्षणा म्हणतात, उपचार म्हणतात. जागेचं नाव घेऊन जागेवरच्या माणसाबद्दल बोलायचं. गौतमाच्या न्यायसूत्रांत अशा दुय्यम अर्थाच्या वापराची दहा कारणं मोजली आहेत, आणि ‘स्थान’ हे त्यांतलं एक. ‘खंडपीठाने म्हटले’ हे वाक्य बरोबर याच जातीचं आहे.

आता कुणी उठून म्हणालं, “छे! लाकूड कसं ओरडेल?” तर न्यायदर्शन त्याला शाबासकी देत नाही. उलट सांगतं की हा वादातला कावा आहे. छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतला हा उपचारछल. समोरच्याचा लाक्षणिक अर्थ कळत असून मुद्दाम शब्दशः धरायचा आणि त्याला खोटं पाडायचं. तेव्हा आमच्यावर हा आरोप येऊ शकतो की, “प्राध्यापक महाशय, खंडपीठाने म्हटले म्हणजे न्यायमूर्तींनी म्हटले, हे शेंबड्या पोराला कळतं. तुम्ही उगाच शब्दच्छल करताय.”

आरोप गंभीर आहे, म्हणून उत्तर नीट देऊ. मचाणाचं वाक्य निर्दोष का? कारण त्यावर एकच माणूस आहे, त्याचं काम एकच आहे, आणि कोण ओरडला यानं ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही. आता अशी कल्पना करा की मचाणावर पाच राखणदार आहेत. चौघं ओरडताहेत, “चोर नाही, झोपा.” पाचवा एकटा ओरडतोय, “चोर आलाय, उठा!” आणि गावात बातमी जाते, मचाण म्हणतं, झोपा. इथे माणसाकडे बोट दाखवणं म्हणजे छल नव्हे. ती माहिती आहे, आणि गावाच्या जिवाची माहिती आहे. तर आमची कसोटी साधी आहे. जागेचं नाव खुशाल घ्या. पण वाचणाऱ्याला त्या जागेवरून माणसापर्यंत परत येता आलं पाहिजे. ती परतीची वाट मोकळी असेल तर लक्षणा. ती बुजली असेल तर ती लक्षणा राहत नाही, तो आडोसा होतो.

या कसोटीवर बातम्या घासून पाहू. सर्वांत जास्त वेळ न्यायालयात घालवू, कारण तिथे लोकांचं सर्वांत जास्त पणाला लागलेलं असतं.

पहिली अडचण ‘खंडपीठ’ या शब्दाची. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झालं. त्याची मुख्य जागा मुंबईत. नागपूर, गोवा आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, इथेही तेच न्यायालय बसतं. या गावोगावच्या जागांना आपण खंडपीठ म्हणतो. आणि दोन न्यायमूर्ती एकत्र बसून प्रकरण ऐकतात, त्या ‘डिव्हिजन बेंच’लाही खंडपीठच म्हणतो. एक शब्द जागेसाठी आणि तोच शब्द संख्येसाठी. मग ‘नागपूर खंडपीठाच्या खंडपीठाने’ असं लिहिण्याची पाळी येते, आणि ती टाळायला बातमीदार नुसतं ‘नागपूर खंडपीठाने’ लिहितो. निर्णय एका न्यायमूर्तींनी दिला की दोघांनी, ते वाचणाऱ्यानं ताडायचं.

कुणी म्हणेल, काय बिघडलं? बिघडतं. अनेक प्रकरणांत एका न्यायमूर्तींच्या निर्णयावर त्याच उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींपुढे अपील करता येतं. दोघांनी निर्णय दिला असेल तर पुढचा दरवाजा सहसा दिल्लीत उघडतो. ज्याचं घर, जमीन, नोकरी त्या निर्णयावर टांगलेली आहे, त्याच्यासाठी पुढचा दरवाजा त्याच इमारतीत आहे की दिल्लीला जायचं आहे, यात केवढं अंतर! आणि यासाठी शब्द तयार आहेत. एकल पीठ, द्विसदस्यीय खंडपीठ, पूर्णपीठ. सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५ प्रमाणे किमान पाच न्यायमूर्ती बसतात, ते घटनापीठ. एक विशेषण जास्त लागतं, इतकंच.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ मागणी केली. सावंतवाडीच्या माणसाला एका तारखेसाठी मुंबईची सुमारे ५०० किलोमीटरची वाट धरावी लागत होती. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झालं. आनंदाचीच गोष्ट. पण त्या दिवसांतल्या बातम्यांत आम्ही तीन शब्द वाचले. कुठे ‘खंडपीठ’, कुठे ‘सर्किट बेंच’, कुठे ‘फिरते खंडपीठ’. तिन्ही एकाच अर्थानं. कायद्यात मात्र फरक आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशानं होतं. दुसरी वाट अशी की मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीनं इतर ठिकाणी न्यायमूर्तींना बसवू शकतात. कोल्हापूरला जे सुरू झालं ते या दुसऱ्या वाटेनं. औरंगाबादची सुरुवातही १९८१ साली याच वाटेनं झाली आणि १९८४ मध्ये ते कायम झालं. म्हणजे कोल्हापूरकरांची एक पायरी चढून झाली आहे, एक बाकी आहे. ‘खंडपीठ मिळाले’ असा मथळा वाचून जो थांबला, त्याला बाकीची पायरी दिसलीच नाही. लढणाऱ्या लोकांना आपण कुठे उभे आहोत, हे तरी बातमीनं सांगावं.

दुसरी अडचण आमच्या पेढेवाल्या स्नेह्यांची. ‘खंडपीठाने म्हटले’ यात म्हणणं दोन प्रकारचं असतं. एक, सुनावणीत तोंडी बोललेलं. दोन, आदेशात लिहिलेलं. पहिलं म्हणजे विचार चालू आहे, प्रश्न विचारून वकिलांचा मुद्दा तपासला जातो आहे. कधी न्यायमूर्ती मुद्दाम उलट बाजूनं डिवचतात, उत्तर काय येतं ते पाहायला. दुसरं म्हणजे निर्णय, जो अंमलात येतो.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मद्रास उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना न्यायालयानं निवडणूक आयोगाला धारेवर धरलं. प्रचारसभा होऊ दिल्याबद्दल आयोगावर खुनाचे गुन्हे लागायला हवेत, अशा आशयाचे उद्गार निघाले. देशभर मथळे झाले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. मे महिन्यात निर्णय आला, तो आम्हाला फार समतोल वाटतो. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तोंडी उद्गार हा न्यायालयाच्या अधिकृत नोंदीचा भाग नाही, तेव्हा तो वगळण्याचा प्रश्नच येत नाही. आणि त्याच वेळी हेही सांगितलं की न्यायालयात काय बोललं जातं ते छापण्याचा माध्यमांना हक्क आहे. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. तोंडी उद्गार छापू नका, असं आमचंही म्हणणं नाही. खुल्या न्यायालयात बोललं गेलेलं लोकांना कळलंच पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच की ‘सुनावणीदरम्यान विचारले’ आणि ‘आदेशात नमूद केले’ यांतलं एक मथळ्याच्या आसपास तरी लिहा. ‘फटकारले’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालवलं की साधा माणूस पेढे आणतो.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. पीठ एकवचनी असतं, माणसं अनेक असतात. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली तेरा न्यायमूर्ती बसले होते. राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त तिथून आला, आणि तो आला सात विरुद्ध सहा अशा मतांनी. एक माणूस इकडचा तिकडे झाला असता तर आपला पुढचा इतिहास वेगळा असता. ‘घटनापीठाने ठरवले’ या वाक्यात ते सहा कुठे आहेत?

तीन वर्षांनी, २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत जबलपूरच्या खटल्याचा निकाल आला. खटल्याविना तुरुंगात डांबलेल्या माणसाला आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयाची दाद मागता येईल का, हा प्रश्न होता. पाच न्यायमूर्तींचं पीठ. चौघांनी सांगितलं, नाही. पाचवे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सांगितलं, येईल. पुढे सरन्यायाधीशपदाची वेळ आली तेव्हा सेवाज्येष्ठता असूनही त्यांना डावललं गेलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आसपास होतो. नुकते शिकवायला लागलो होतो. माणसं कुजबुजत बोलत, तो काळ. त्या काळात ‘सर्वोच्च न्यायालयाने दाद नाकारली’ एवढंच ज्याच्या कानावर गेलं, त्याला वाटलं असणार की सगळे दिवे विझले. एक दिवा चालू होता. तो कळणं ही काही कायद्याच्या विद्यार्थ्यापुरती माहिती नव्हती. तो धीर होता. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे तो जुना निकाल रद्द ठरवला गेला. मुख्य निकालपत्रांपैकी एक लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या त्या चौघांपैकी एक असलेल्या यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. वडिलांचा निकाल मुलानं चुकीचा ठरवला. ‘पीठाने पीठाचा निर्णय बदलला’ असं म्हणून पाहा. यातलं सगळं मनुष्यपण निघून जातं. माणसं चुकतात आणि माणसंच दुरुस्त करतात, हा धडाही त्याबरोबर जातो.

एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती तुम्हीही तपासून पाहा. बातमीत न्यायमूर्तींची नावं ठळकपणे येतात ती बहुधा त्यांचं एकमत होत नाही तेव्हा. मुंबई उच्च न्यायालयात केंद्र सरकारच्या ‘फॅक्ट चेक युनिट’चं प्रकरण आलं. ३१ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध ठरवला. मग प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं, आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी पटेल यांच्या बाजूनं मत दिलं. त्या बातम्या वाचायला उत्तम होत्या. कोण काय म्हणालं, का म्हणालं, सगळं स्पष्ट. का? कारण ‘खंडपीठाने म्हटले’ असं लिहिण्याची सोयच उरली नव्हती. आडोसा गेला आणि बातमी सुधारली. मग एकमत असतानाही तसंच लिहायला कोण अडवतं?

आणि पीठावर कोण बसणार, हे ठरवणं किती महत्त्वाचं असतं ते आपण १२ जानेवारी २०१८ ला पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाचे चार ज्येष्ठ न्यायमूर्ती पत्रकारांसमोर आले. त्यांच्या तक्रारीच्या गाभ्याशी एक मुद्दा होता, महत्त्वाची प्रकरणं ठरावीक पीठांकडे जात आहेत. न्यायमूर्ती स्वतः सांगत होते की सगळी पीठं सारखी नसतात, त्यावर कोण आहे यानं फरक पडतो. मग बातमीदारानं ती सारखी असल्यासारखी का लिहावीत?

यावर एक चांगला आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. कुणी म्हणेल, “न्यायमूर्ती व्यक्ती म्हणून बोलत नाहीत, न्यायालय म्हणून बोलतात. नावं घेतलीत की निकालाचा मुद्दा बाजूला पडतो आणि लोक त्या माणसाच्या मागे लागतात, समाजमाध्यमांवर शिवीगाळ करतात.” यात तथ्य आहे. संस्था म्हणून बोलण्याला अर्थ आहे, आणि तो जपला पाहिजे. पण एक पाहा. न्यायालय स्वतः नावं लपवत नाही. कुठल्याही आदेशाच्या सुरुवातीला कोणासमोर सुनावणी झाली ते लिहिलेलं असतं. निकालपत्र कुणी लिहिलं तेही असतं. संस्थेनं जे उघड ठेवलं आहे ते बातमीनं झाकायचं, याला संस्थेचा आदर म्हणत नाहीत. तो आळस आहे. आणि शिवीगाळीवर उपाय निनावीपणाचा नसतो. ‘का’ हे लिहिण्याचा असतो. कारणं कळली की माणूस कारणांशी भांडतो. कारणं नसली की नावाशी भांडतो.

आता विधिमंडळात डोकावू, फार वेळ नको. ‘विरोधी बाक’ हा शब्द आपण ब्रिटिश संसदेकडून घेतला. तिथे दोन बाजू समोरासमोर असतात. आपल्याकडे निवडणूक हरलेला नेता म्हणतो, “जनतेने आम्हाला विरोधी बाकावर बसवले.” वाक्य छान आहे, पचवलेला पराभव आहे त्यात. पण ‘सत्ताधारी बाक विरुद्ध विरोधी बाक’ असं लिहिलं की डोळ्यासमोर तराजूची दोन पारडी येतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत विरोधकांपैकी एकाही पक्षाला २८८ जागांच्या एक दशांश जागाही मिळाल्या नाहीत, आणि त्यानंतर विरोधी पक्षनेतेपदाचा प्रश्न लोंबकळत राहिला. बाक दोन्हीकडे आहेत, वजन नाही. आणि ‘बाके वाजवून स्वागत’ म्हणजे नेमकं कुणी वाजवली? एखाद्या विधेयकावर आमदारांपैकी कोण बोललं, कोण गप्प बसलं, हे आपल्या मतदारसंघातल्या लोकांना कळायला हवं. लाकूड वाजलं हे कळून काय करायचं?

क्रीडा पानावर मात्र आमची कसोटी आनंदानं पास होते. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर भारतानं ऑस्ट्रेलियाला तीन गडी राखून हरवलं. तिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता. आपले मुख्य गोलंदाज जवळजवळ सगळे जायबंदी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांची पहिलीच कसोटी. आपल्या पालघरच्या शार्दुल ठाकूरनं पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. सगळ्यांनी लिहिलं, ‘भारताची बेंच स्ट्रेंथ’. मराठीत ‘राखीव फळी’ म्हणतात, आम्हाला तो शब्द जास्त आवडतो. फळी म्हणजेही लाकूडच, पण आघाडीची फळी, मधली फळी, कार्यकर्त्यांची दुसरी फळी, असा तो आपल्या तोंडात मुरलेला आहे. आणि इथे बेंच म्हटल्यावर पुढच्याच ओळीत नावं येतात. बाकावरून उठून माणसं मैदानात आलेली दिसतात. परतीची वाट मोकळी.

पान उलटून अर्थ पानावर या. तोच शब्द, पण हवा बदललेली. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात ज्याच्या हाती सध्या ग्राहकाचं काम नाही तो ‘बेंचवर’. कुठे बाक नसतो, कुणी बसलेलं नसतं. २०२५ च्या जूनमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या नव्या धोरणाची बातमी आली. वर्षात किमान २२५ कामकाजाचे दिवस ग्राहकाच्या कामावर असावं, आणि बेंचवर ३५ दिवसांहून जास्त असू नये. कंपनीचा हिशेब कंपनी जाणे, आम्ही त्यावर बोलायला पात्र नाही. आम्ही शब्दावर बोलतो. क्रीडा पानावर बेंच म्हणजे ताकद, अर्थ पानावर बेंच म्हणजे बोजा. खेळाडू बाकावर आहे म्हणजे संघानं त्याला राखून ठेवलं आहे. अभियंता बाकावर आहे म्हणजे जणू त्याचंच काही चुकलं आहे. काम मिळवून आणण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या एका शब्दात विरघळतो. ‘बेंच कमी करणार’ या मथळ्यात माणूस आहे कुठे? हिंजवडीला भाड्याच्या खोलीत राहून घरकर्जाचा हप्ता भरणारी, तिशीतली आपली मुलं-मुली आहेत ती. ‘काम नेमून न दिलेले कर्मचारी’ असं लिहायला पाच शब्द लागतात. लागू द्या. काम नेमून ‘न दिलेले’ म्हटलं की ‘कुणी दिलं नाही’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

शहराच्या पानावर नेमकं उलटं. तिथे बाकावर नाव रंगवलेलं असतं, अमुक नगरसेवकांच्या निधीतून. आम्ही संध्याकाळी ज्या बाकावर टेकतो, त्याच्या पाठीवर असंच एक ठसठशीत नाव आहे. जगातला हा एकमेव बेंच, ज्यावर जबाबदार माणसाचं नाव आहे, आणि तिथे निधी आपणा सर्वांच्या करातून आलेला असतो. (हशा) बातमीतही तेच नाव येतं. निधी कुणाचा हे मात्र राहून जातं.

तेव्हा सार काय? लक्षणेवाचून भाषा चालत नाही आणि बातमी तर मुळीच चालत नाही. मथळ्यात जागा कमी असते, वेळ कमी असतो, हे आम्हाला कळतं. मथळ्यात खंडपीठ खुशाल येऊ द्या. पण पहिल्या दोन परिच्छेदांत तीन गोष्टी याव्यात. पीठावर कोण आणि किती जण होते. ते बोलले की त्यांनी लिहून आदेश दिला. आणि कुणाचं मत वेगळं होतं का. संपादकांनी हे केलं तर उत्तम. त्यांनी नाही केलं तर वाचकांनी बातमीला हे तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. उत्तर नसेल तर ती बातमी अर्धी आहे असं समजावं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी थांबावं.

आमचे ते स्नेही परवा पुन्हा आले होते. प्रकरण अजून चालू आहे. हातात नवं कात्रण होतं, पेढे नव्हते. कात्रण टेबलावर ठेवून म्हणाले, “सर, यात ‘खंडपीठाने नाराजी व्यक्त केली’ असं लिहिलंय. वकिलांना फोन केला. दोघे न्यायमूर्ती होते. नाराजी तोंडी होती. आदेशात पुढची तारीख आहे.” मग चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे अजून काही झालेलं नाही.”

काही झालेलं नाही, हे खरं. पण या खेपेला ते त्यांना कळलेलं होतं.

थांबतो आम्ही. तुमचे प्रश्न असतील तर विचारा.